चाकातले मणी

आमच्या घरात ‘बघू’ हा शब्द कुणी उच्चारत नसे. दादांच्या देखत तर नाहीच. एखादा पाहुणा चहा पिताना सहज म्हणून गेला, ‘‘लग्नाला का? बघू की,’’ तर दादा बशी खाली ठेवून उठायचे आणि सरळ अंगणात जायचे. पाहुण्याला कळायचं नाही काय बिनसलं. मग जाऊबाई पदर सावरत बाहेर यायच्या आणि हळूच सांगायच्या, ‘‘येतो म्हना, न्हाईतर येत न्हाई म्हना. मधलं कायबी म्हनू नका.’’

दादा म्हणजे माझे थोरले दीर, जगन्नाथ. राहुरीच्या पलीकडं कालव्याच्या कडेला आमचं गाव. तिथं मी अंगणवाडीत सेविका आहे. दादांनी उभा जन्म ट्रक चालवला. उन्हात खिडकीवर टाकून टाकून त्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा झाला होता. दोन वेगळ्या माणसांचे हात एकाला लावल्यासारखे दिसायचे. आवाज घोगरा. स्वभाव तापट म्हणता येणार नाही, पण अडून बसणारा. जुन्या रीतीप्रमाणं धाकट्या भावजयीशी ते समोरासमोर बोलत नसत. मला काही सांगायचं असलं तर जाऊबाईंना हाक मारायचे. ‘‘अगं, धाकटीला म्हनावं, अंगनवाडीचा रस्ता चिखलाचा झालाय, बांधावरून जा.’’ कित्येकदा जाऊबाई घरात नसायच्याच. तरी ते त्यांनाच सांगायचे आणि मी स्वयंपाकघरातून ‘‘बरं’’ म्हणायची.

किसन, माझा नवरा, त्यांचा धाकटा भाऊ. दोघांत एक ट्रक. एक खेप दादा करायचे, एक किसन. दोघं क्वचितच एका वेळी घरी असायचे. एकदा दादा खेपेवरून आले तेव्हा किसननं अंगणातच त्यांना गाठलं. मी भाकरी थापत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

‘‘दादा, पुढचं चाक लई थरथरतंय. साठच्या पुढं गेलं की स्टिअरिंग हातात राहत न्हाई. टायरबी एका बाजूनं खाल्लंय.’’

‘‘मला बी जानवलं. ही खेप मारून ये, मंग बघू.’’

किसन कांदा भरून गेला. सोलापूरच्या अलीकडं पुढचं टायर फुटलं आणि ट्रक पुलाच्या कठड्यावर गेला. त्याला घरी आणलं तेव्हा तोंड झाकलेलं होतं, आणि दादांनी मला ते उघडू दिलं नाही.

टायर थरथरीनं झिजून फुटलं की उन्हानं, की रस्त्यातल्या एखाद्या दगडानं, ते कुणीच ठामपणे सांगू शकत नव्हतं. दादांना मात्र शंका नव्हती. गावातली माणसं भेटायला यायची आणि म्हणायची, ‘‘जगन्नाथा, तुझा काय दोष? वेळ आली हुती त्याची.’’ दादा मान खाली घालून ऐकायचे. त्या माणसाला वेशीपर्यंत पोचवून यायचे आणि आल्यावर जेवायचे नाहीत.

विम्यातून दुसरा ट्रक आला, चांगल्यातला, बिनट्यूबच्या टायरांचा. दादांनी तो चालवायला घेतला खरा, पण त्यांना ते जमेना. कुठंही बारीक हादरा बसला की ते गाडी बाजूला घेऊन उतरायचे, पुढच्या चाकाशी बसायचे, हात लावून बघायचे. माल वेळेवर पोचेना. शेवटी त्यांनी जाऊबाईंना सांगितलं, म्हणजे मलाच सांगितलं, ‘‘धाकटीच्या भावाला म्हनावं, गाडी त्यानं चालवावी. घरचा मानूस हाय.’’

माझा भाऊ संतोष तेव्हा तिशीतला. हसरा, थोडा उडाणटप्पू, पण स्टिअरिंगवर बसला की हात पक्का. तो आमच्याकडंच राहायला आला. आणि त्या दिवसापासून दादांचा खरा जाच सुरू झाला. संतोष खेपेवरून आला की तो उतरायच्या आत दादा विचारायचे, ‘‘थरथरती का?’’

‘‘न्हाई दादा.’’

‘‘ऐंशीला?’’

‘‘ऐंशीला कायतरी बारीक.’’

‘‘बारीक म्हंजे केवढं? थरथर म्हंजे गाडीचं बोलनं असतं. गाडी दोनदा बोलत न्हाई.’’

असं झालं की दुसऱ्या दिवशी ट्रक राहुरी फाट्यावर युसुफभाईंच्या टायरच्या दुकानात उभा. युसुफभाई दादांचे जुने दोस्त. चाकाला शिशाच्या पट्ट्या लावून तोल साधून द्यायचे; खडबडीत रस्त्यावर त्या पट्ट्या पडायच्या, की पुन्हा दादा हजर. शेवटी कंटाळून युसुफभाईंनीच पुण्याहून ते मणी आणवले. काचेचे, मोहरीपेक्षा जरासे मोठे, पिशवीत बांधलेले. टायरच्या आत मोकळे सोडायचे. चाक पळायला लागलं की ते आतल्या आत सरकतात, जी बाजू हलकी तिकडं जाऊन बसतात आणि चाकाचा झोक सांभाळतात. टायर झिजेल तसे मणीही आपली जागा बदलतात.

दादांनी पिशवी घरी आणली होती. मूठभर मणी परातीत ओतून ते ओसरीवर किती तरी वेळ परात गोल फिरवत बसले. जाऊबाई म्हणाल्या, ‘‘तांदूळ निवडताय का काय?’’

‘‘बघ तरी,’’ दादा म्हणाले. ‘‘आपलं आपन सावरतंय. मानसाला कळायच्या आधी ह्यांना कळतंय.’’

किसन गेल्यापासून त्यांच्या आवाजात इतका जीव मी ऐकला नव्हता.

मणी घातले आणि ट्रक खरोखरच शांत झाला. संतोष आल्या आल्या म्हणाला, ‘‘दादा, लोण्यावरून चालल्यावानी चालती.’’ दादांनी त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या. गावातल्या बबननं ते बघून आपल्या गाडीत मणी घातले, त्याचं बघून आणखी एकानं. युसुफभाईंनी एक गोष्ट मात्र बजावली होती. हवा भरायच्या नळीत, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये, जी पिन असते ती साधी चालणार नाही, जाळीची पाहिजे. नाहीतर हवा तपासताना एखादा मणी हवेबरोबर वर येतो आणि पिनेत अडकतो. पिन मग पूर्ण मिटत नाही, हवा झिरपत राहते. आणि हवा बघायची तर आधी चाक फिरवून व्हॉल्व्ह वरच्या अंगाला घ्यायचा, म्हणजे मणी खाली बसलेले असतात. दादांनी संतोषकडून हे पाठ करून घेतलं. संतोष चेष्टेत म्हणायचा, ‘‘ताई, शाळेत पाढं म्हनले न्हाईत, ते आता म्हनतोय.’’

तो दिवस मार्चमधला. संतोष मराठवाड्यातून सरकीची पेंड भरून परत येत होता. सकाळी मी अंगणवाडीला निघायच्या तयारीत असताना त्याचा फोन दादांना आला. दादांनी फोन नेहमीप्रमाणं स्पीकरवर टाकला होता.

‘‘दादा, डावीकडच्या पुढच्या चाकाची हवा उतरतीया. काल एका ठिकानी हवा मारली, तवापासून.’’

‘‘पिन जाळीचीच हाय ना?’’

 संतोष म्हणाला, ‘‘त्या पंक्चरवाल्यानं काढली. म्हनला हिच्यातून हवा लवकर जात न्हाई, माझ्याकडं गर्दी हाय. साधी बसवली. मी म्हनलं असू दे.’’

दादा उभे राहिले. ‘‘स्टेपनी टाक.’’

‘‘स्टेपनी मागच्या चाकाला लागली कालच. मी टोपन घट्ट लावलंय, हवाबी भरून घेतलीय. आता हितं दुकान न्हाई एकबी. हळूहळू येतो. तिसगावात बघू.’’

‘‘संतोष, थांब. जिथं हायेस तिथं थांब. हलू नको.’’

‘‘येतो की दादा हळूहळू,’’ एवढं ऐकू आलं आणि फोन तुटला. दादांनी पुन्हा लावला. लागेना. पुन्हा लावला. घाईत त्यांचं बोट भलत्याच बटणावर पडायला लागलं. मी पुढं होऊन फोन त्यांच्या हातातून घेतला आणि लावत राहिले. ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ एवढंच.

दादांनी मोटरसायकल बाहेर काढली. मी चप्पल घालून मागं बसले. थोरल्या दिराच्या मागं भावजय, भरदिवसा, सगळ्या गावातून. जाऊबाई दारात उभ्या होत्या. त्या फक्त म्हणाल्या, ‘‘जावा.’’

वांबोरीचा घाट चढून आम्ही पांढरीपुलाला आलो, तिथून मिरीच्या रस्त्याला लागलो. ऊन तापलं होतं. वाऱ्यात दादांचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. आधी मला वाटलं ते देवाचं नाव घेतायत. मग कळलं, ते संतोषला सांगत होते. ‘‘ब्रेक मारू नको. हवा गेली तर ब्रेक मारू नको, बाबा. स्टिअरिंग धर. नुसतं धर.’’ ते सारखं तेच म्हणत होते, जणू मागच्या सीटवर मी नसून संतोषच बसला होता.

मिरीत थांबून मी फोन लावला. या वेळी वाजला. उचलला एका अनोळखी माणसानं.

‘‘कोन बोलतंय? ज्यांचा फोन हाय ते गाडीत अडकल्यात. तिसगावच्या अलीकडं. जिवंत हायेत. लवकर या.’’

मी दादांना एवढंच सांगितलं, ‘‘जिवंत आहे.’’ त्यांनी मान हलवली आणि गाडी सोडली. 

ट्रक रस्त्याच्या डाव्या अंगाला उतरून ओढ्याच्या मोरीला धडकला होता. पेंडेची पोती फुटून वाफ्यात सांडली होती. केबिन डाव्या बाजूनं मोरीवर दबली होती आणि आतला पत्रा संतोषच्या पायांवर आला होता. पंधरावीस माणसं जमली होती. कुणी पहार आणली होती, कुणी दोर. एकजण तिसगावला पत्रा कापायचं मशीन आणायला गेला होता. तोपर्यंत हात लावू नका, असं एक जाणता माणूस सगळ्यांना सांगत होता, कारण पत्रा हलला की संतोष किंचाळत होता.

दादा फुटलेल्या काचेतून आत शिरले. काचा अजून चौकटीला होत्या. त्यांच्या शर्टाच्या पाठीला उभी चीर पडली. ते संतोषच्या शेजारी पालथे झाले आणि त्याचं डोकं त्यांनी आपल्या दंडावर घेतलं. मी बाहेरून, उघड्या खिडकीतून, त्याचा एक हात धरला. हात गार पडला होता.

‘‘दादा,’’ संतोष म्हणाला, ‘‘हवा एकदम गेली.’’

‘‘गेली तर गेली. तू जाऊ नको.’’

‘‘ब्रेक नव्हता मारला मी.’’

‘‘ठाव हाय मला. डोळं उघडं ठेव. बोल माझ्याशी. काल काय जेवला?’’

‘‘शेवभाजी.’’

‘‘कुठल्या धाब्यावर?’’

‘‘दादा, पाय कळत न्हाईत मला.’’

‘‘असू दे. शेवभाजी कशी हुती ते सांग. तिखट हुती का? सांग की. तुझ्या ताईला सांग.’’

मशीन येईपर्यंत आणि आल्यावर पत्रा कापेपर्यंत दादा असेच बोलत राहिले. घरात दिवसभरात दहा वाक्यं न बोलणारा माणूस. संतोष लहान असताना कधी विहिरीत पडला होता ते विचारलं, त्याच्या लग्नासाठी पाहिलेली ती राजूरकडची मुलगी आवडली होती का ते विचारलं, गाडीला नवा रंग कुठला द्यायचा ते विचारलं. संतोषचे डोळे मिटायला लागले की ते त्याच्या गालावर चापट मारायचे आणि नवा प्रश्न काढायचे. एकदा त्यांना प्रश्नच सुचेना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझ्याकडं असं सरळ पाहिलं नव्हतं.

‘‘शोभा,’’ ते म्हणाले, ‘‘तू बोल आता. मला न्हाई सुचत.’’

मी बोलले. काय बोलले ते आज आठवत नाही.

संतोष वाचला. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

नगरच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिल्यांदा दादांनाच बोलावलं. ‘‘दादा, चूक माझी हाय. त्यानं जाळीची पिन माझ्या डोळ्यादेखत काढून फेकली. मीच असू दे म्हनलं. तुमी थांब म्हनला हुता, मी थांबलो न्हाई.’’ दादा पायथ्याशी उभे होते, पांघरुणात जिथं पाय नव्हता त्या बाजूला. ते ‘‘झोप’’ म्हणाले आणि बाहेर गेले.

पुढच्या आठवड्यात ते युसुफभाईंना घेऊन मोडक्या ट्रककडं गेले. ते चाक युसुफभाईंनी तिथंच खोललं. पिन काढून उन्हात धरली. तिच्या तोंडाशी एक मणी रुतून बसला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. हे मला युसुफभाईंनीच नंतर सांगितलं. ते म्हणाले, ‘‘मी बोललो, जगूभाऊ, मन्यांचा दोष न्हाई. जाळी काढली त्याचा दोष हाय.’’

‘‘मनी कुनी घातलं?’’ दादांनी विचारलं.

‘‘पोराच्या जिवासाठीच घातलं ना?’’

‘‘म्हनूनच इचारतो. किसनच्या वक्ताला काय केलं न्हाई, म्हनून तो गेला. ह्याच्या वक्ताला केलं, तर हा असा झाला. मंग मी करायचं काय, युसुफ? तूच सांग. करायचं काय?’’

 एवढं सांगून युसुफभाई मला म्हणाले, ‘‘वहिनी, मी नमाजाला गेलो की तो सवाल माझ्या कानात येतो.’’

त्यानंतर दादा बबनच्या अंगणात जाऊन बसले. त्याच्या टायरांतले मणी काढून टाकायचे म्हणून. बबन ऐकेना. ‘‘दादा, माझी गाडी झकास चालती. माझ्या पिना जाळीच्या हायेत. तुमच्या जिवाला लागलंय म्हनून मी कशाला टायर खोलू?’’ त्याचं खरंच होतं. दादांना तेही समजत होतं. तरी त्यांनी वयानं निम्म्या असलेल्या त्या माणसाचे पाय धरले. बबन घाबरून मागं सरला. शेवटी एवढं ठरलं की त्याची गाडी गावातून निघताना दर वेळी दादांनी चाकं तपासायची. पुढं कित्येक महिने पहाटे बबनची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की आमच्या ओसरीवर दादांच्या चपला वाजायच्या.

तेवढ्यानं त्यांचं भागेना. ते फाट्यावरच्या धाब्यावर जायला लागले. परगावचे ट्रक उभे असायचे. कुणाच्या टायरात काय आहे ते यांना कसं कळणार? ते सरळ ड्रायव्हरला विचारायचे, ‘‘चाकात मनी हायेत का? पिन कसली हाय? रातच्याला कुनी बदलली तर न्हाई?’’ काही ड्रायव्हर नीट उत्तर द्यायचे, चहा पाजायचे. काहींना वाटायचं म्हातारा हवा सोडून गाडी अडवणार आणि माल चोरणार. एकानं त्यांना ढकललं, तर कोपर फोडून घेऊन घरी आले. जाऊबाई हळद भरता भरता रडत होत्या. ‘‘किती जनांची चाकं बघनार हायेत तुमी? सगळ्या जगाची?’’

‘‘पुढं आलेल्यांची तरी,’’ दादा म्हणाले.

संतोषला नकली पाय बसला. त्यानं घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकली. त्याच्या मनात काही नव्हतं. तो दादांना हाक मारायचा, ‘‘दादा, या की, दळन बघा जरा.’’ दादा यायचे, पण दाराच्या आत पाऊल टाकायचे नाहीत. संतोष लंगडत उठला की ते दुसरीकडं बघायचे. मी एकदा जेवायला वाढताना म्हणाले, ‘‘दादा, तो विसरलाय. तुम्ही विसरा.’’ आता आम्ही समोरासमोर बोलत होतो. मोरीवरच्या त्या दिवसानंतर तो पडदा गळून पडला होता. त्यांनी ताट थोडं पुढं सरकवलं आणि म्हणाले, ‘‘सगळं गाव मला तेच सांगतंय, शोभा. माझा दोष न्हाई म्हनतंय. मंग मी हा दोष कुनाच्या घरी नेऊन ठिवू?’’

दोन वर्षांत माणूस वाळून गेला. आधी पोट दुखतंय म्हणाले, मग अन्न जाईना. तपासलं तेव्हा डॉक्टरांनी मला आणि जाऊबाईंना वेगळं बोलावलं. दादांना काही सांगायची गरज पडली नाही. नगरच्या दवाखान्यात खिडकीजवळची खाट मिळाली होती. तिथून रस्ता दिसायचा. ट्रक गेला की त्यांचे डोळे त्याच्या पुढच्या चाकाबरोबर जायचे.

ते गेले त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. जाऊबाई खाली औषध आणायला गेल्या होत्या. मी त्यांच्या ओठांना ओला बोळा लावत होते. त्यांनी माझं मनगट धरलं. हातात जोर उरला नव्हता, पण ते सोडीनात.

‘‘शोभा, तू मला कदी शिव्या दिल्या न्हाईत.’’

‘‘कशाला देऊ दादा?’’

‘‘एकदा दे. सगळ्यांनी माफ केलं मला. कुनी इचारलंबी न्हाई, तू काय केलं म्हनून. जाताना असं मोकळ्या हातानं जाववत न्हाई. तू किसनची बायकू हायेस. तू बोल.’’

मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते. तोंडाशी आलंही होतं, ‘तुमचा काय दोष’ हेच. पण त्यांच्या डोळ्यांत इतकी याचना होती की ते खोटं मला बोलवेना. कारण ते खोटंच होतं. किती वर्षं मी चुलीपुढं बसून, भाकरी थापताना, ते ऐकलेलं बोलणं पुन्हा पुन्हा ऐकत होते.

मी खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, ‘‘दादा, संतोषचं तुमच्या अंगावर घेऊ नका. त्याला तुम्ही थांब म्हणालात, तो थांबला नाही. ते तुमचं नाही. पण यांचं, तुमच्या भावाचं, ते तुमचं आहे. यांनी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्हाला स्वतःलाही ठाऊक होतं. तरी तुम्ही यांना जाऊ दिलंत. माझा संसार तिथं मोडला. मी त्यासाठी तुमच्यावर चिडले होते, दादा. अजून आहे.’’

बोलताना माझा आवाज फाटला. शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली.

दादा माझ्याकडं बघत होते. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

‘‘व्हय,’’ ते म्हणाले. ‘‘आसंच हाय ते.’’

मग त्यांनी माझं मनगट सोडलं, दोन्ही हात पोटावर घेतले आणि भिंतीकडं कुशीवर वळले. थोड्या वेळानं श्वास संथ लागला. मी पांघरूण त्यांच्या खांद्यापर्यंत ओढलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. पदरात तोंड खुपसून किती वेळ रडले, कोण जाणे. जाऊबाई औषधाची पिशवी घेऊन जिना चढून आल्या आणि मला तसं बघून जागच्या जागी थिजल्या.

‘‘काय झालं गं? ह्यांना काय झालं?’’

‘‘काही नाही, बाई,’’ मी म्हणाले. ‘‘त्यांना झोप लागलीय.’’